क्षमा कोणीं करावी?

ता. १६ एप्रिल १९८९ हा दिवस रविवारचा होता. त्या दिवशीं दक्षिण अमेरिकेंतील उरुग्वे नांवाच्या एका लहानशा देशाचे नागरिक मत देण्यासाठीं घराबाहेर पडले. कोणाला निवडून द्यावयाचें, हा त्या दिवशींचा प्रश्न नव्हता. मतदारापुढें दोन चिठ्ठ्या होत्या. एक पिवळी आणि एक हिरवी. लष्करी अमलाच्या काळांत ज्या सैनिकांनीं आणि पोलिसांनीं माणसें छळलीं, मारलीं, नाहींशीं केलीं, त्यांच्यावर खटले न भरण्याचा एक कायदा संसदेनें केला होता. तो कायम राहावा असें ज्याला वाटत असेल त्यानें पिवळी चिठ्ठी टाकावी, तो रद्द व्हावा असें वाटत असेल त्यानें हिरवी. मोजणी झाली तेव्हां पिवळ्या चिठ्ठ्या दहा लाखांहून अधिक निघाल्या, हिरव्या आठ लाखांच्या आसपास. राजधानी माँटेव्हिडिओनें हिरवा कौल दिला होता. पण देशाचा कौल पिवळा ठरला. हरलेल्या पक्षानें निकाल मान्य केला आणि लोक आपापल्या कामाला लागले.

लोकशाहीच्या रीतीभातींच्या दृष्टीनें यांत बोट ठेवण्यासारखें कांहीं नाहीं. मतदान गुप्त होतें. प्रश्न साधा होता. दोन्ही बाजूंना बोलावयास अवसर मिळाला होता. तरीहि ही हकीकत मीं प्रथम वाचली तेव्हां मन कोठें तरी अडखळलें, तें अद्यापि पुरतें मोकळें झालेलें नाहीं. एका देशांतील बहुसंख्य लोकांना, त्याच देशांतील थोड्या लोकांवर झालेल्या अन्यायाची क्षमा मत देऊन करतां येते काय? ज्याच्या घरचें कोणी गेलें नाहीं, त्याच्या चिठ्ठीला आणि जिचें पोर गेलें तिच्या चिठ्ठीला या एका प्रश्नापुरती तरी एकच किंमत असावी काय?

उरुग्वे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शिपायांच्या टाचेखालीं चिरडला गेलेला देश, अशी वाचकांची समजूत होऊं नये. फांशीची शिक्षा त्यानें १९०७ सालींच रद्द केली; कामगारांना आठ तासांचा दिवस १९१५ सालीं दिला. अमेरिका खंडांतील स्वित्झर्लंड असें त्याला म्हणत. अशा देशाचेंहि पाऊल घसरलें. १९६० नंतरच्या दशकांत व्यापार बसला, महागाई वाढली, आणि तुपामारो या नांवानें ओळखले जाणारे तरुण बंडखोर बँका लुटूं लागले, माणसें पळवूं लागले, कांहींचे खूनहि त्यांनीं केले. त्यांचा मोड १९७२ मध्येंच झाला होता, ही गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण राष्ट्राध्यक्ष बोर्दाबेरी यांनीं लष्कराच्या संमतीनें संसद बरखास्त केली ती त्यानंतर, १९७३ च्या जून महिन्याच्या २७ तारखेस. आग विझल्यावर बंब आला, आणि आला तो घरांतच ठाण मांडून बसला.

त्या अमलाचें वर्णन करण्यास दोनच गोष्टी पुरेत. सरकारनें नागरिकांची तीन वर्गांत वांटणी केली होती: पहिला वर्ग भरंवशाचा, दुसरा संशयाचा, तिसरा नालायकांचा. तिसऱ्या वर्गांत नांव गेलेल्या माणसाला सरकारी नोकरीचें दार बंद. आणि राजकीय कैद्यांचा जो मोठा तुरुंग होता, तो ज्या गांवाजवळ होता त्या गांवाचें नांव ‘लिबर्ताद’, म्हणजे स्वातंत्र्य! कोणा नाटककारानें ही योजना केली असती तर टीकाकारांनीं त्याला कृत्रिम ठरविलें असतें. लोकसंख्येच्या मानानें पाहतां इतके राजकीय कैदी त्या काळीं जगांत क्वचितच कोठें असतील. यांशिवाय सुमारें दोनशें माणसें नाहींशीं झालीं. त्यांतील बहुतेक शेजारच्या अर्जेंटिनांत आश्रयास गेलेलीं होतीं. दोन्ही देशांच्या लष्करांनीं हातांत हात घालून त्यांना तेथें गांठलें.

लष्करानें १९८४ च्या ऑगस्टमध्यें राजकीय पक्षांशीं बोलणीं करून सत्ता सोडण्याचें ठरविलें आणि १९८५ च्या मार्चमध्यें सांगिनेत्ती हे निवडून आलेले अध्यक्ष अधिकारावर आले. ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं होतीं त्यांनीं न्यायालयांत फिर्यादी दिल्या. न्यायाधीशांनीं लष्करी अधिकाऱ्यांच्या नांवें समन्सें काढलीं. सरसेनापति हूगो मेदिना यांनीं तीं आपल्या तिजोरींत कुलूप लावून ठेविलीं. आतां समन्साचा मान राखावयाचा कीं तिजोरीचा, असा पेंच पडला. आणि १९८६ च्या डिसेंबरच्या २२ तारखेस संसदेनें घाईघाईनें कायदा करून तिजोरीचा मान राखला.

त्या कायद्याचें नांव मोठें अर्थपूर्ण आहे. त्यांत क्षमेचा शब्द नाहीं. शिक्षा मागण्याचा राज्याचा जो दावा, त्याची मुदत संपली, अशा अर्थाचें तें नांव आहे. घटनांच्या ओघांत, आणि १९८४ च्या त्या बोलण्यांच्या परिणामीं, हा दावा आपोआप संपुष्टांत आला आहे, असें कायद्याचें पहिलेंच कलम सांगतें. कर्जरोखा मुदतबाहेर जावा तसा हा प्रकार. अपराध झाला नाहीं असें कोणी म्हणत नाहीं. अपराध्यानें पश्चात्ताप केला असेंहि कोणी म्हणत नाहीं. तारीख उलटून गेली, एवढेंच. बरें, तारीख तरी कोठें उलटली होती? दोन वर्षांपूर्वीं ज्या न्यायालयांचीं दारें बंद होतीं, तेथें फिर्याद द्यावयास उशीर झाला असें फिर्यादीला सांगणें, ही थट्टा नव्हे तर काय? कायद्याच्या आणखी एका कलमानें नाहींशा झालेल्या माणसांचा तपास करण्याचें काम सरकारवर सोंपविलें होतें. सरकारनें तें एका लष्करी वकिलाच्या हवालीं केलें. त्याला कांहीं आढळलें नाहीं, हें सांगावयास नकोच.

उरुग्वेच्या राज्यघटनेंत एक चांगली सोय आहे. एकंदर मतदारांपैकीं चौथाईंनीं सह्या केल्या तर कोणताहि नवा कायदा लोकांच्या कौलास लावतां येतो. त्या सह्या गोळा करण्यास जी समिति उभी राहिली, तिच्या अग्रभागीं तीन स्त्रिया होत्या. सेनेटर मिचेलिनी आणि कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष गुतिएरेस रुईस यांना १९७६ च्या मे महिन्यांत ब्वेनोस आइरेस येथें पळवून नेऊन ठार मारण्यांत आलें होतें. त्या दोघांच्या विधवा, आणि तिसऱ्या मारिया एस्तेर गात्ती. गात्तीबाईंची मुलगी, जांवई आणि दीड वर्षांची नात अशीं तिघें त्याच शहरांतून त्याच वर्षीं नाहींशीं झालीं होतीं. या स्त्रियांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं दारोदार हिंडून सहा लाखांहून अधिक सह्या मिळविल्या. तीस लाख वस्तीच्या देशांत सहा लाख सह्या! निवडणूक न्यायालयानें त्यांतल्या हजारों सह्यांबद्दल शंका काढल्या, तेव्हां माणसें पुन्हां आलीं आणि आपली सही आपलीच असल्याचें सांगून गेलीं. भीतीच्या राज्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसानें सरकारी कचेरींत जाऊन आपलें नांव दोनदां सांगावें, याला धैर्य लागतें.

सारा मेंदेस नांवाच्या एका बाईचें वीस दिवसांचें तान्हें मूल अटकेच्या वेळीं तिच्या हातून काढून घेतलें होतें. मतदानाच्या आधीं तिचें दोन वाक्यांचें आवाहन दाखविण्यास दूरचित्रवाणीच्या केंद्रांनीं नकार दिला. मूल कोठें आहे, एवढेंच तिला विचारावयाचें होतें.

आमचे एक वकील स्नेही आहेत. त्यांच्यापुढें मीं ही सर्व हकीकत मांडली, तेव्हां त्यांनीं पिवळ्या चिठ्ठीची बाजू मोठ्या समर्थपणें मांडली, आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें हा तिच्यावर अन्याय होईल. ते म्हणाले, “हे लोक भ्याड होते असें म्हणूं नका. याच लोकांनीं १९८० सालीं, लष्कर गादीवर असतांना, लष्करानें मांडलेली राज्यघटना शेंकडा सत्तावन्न मतांनीं झिडकारली होती. त्यांना भीति वाटली असेल तर ती स्वतःच्या जिवाची नव्हे. नुकत्याच उगवलेल्या लोकसत्तेच्या जिवाची. रोपट्याला बांध घालावयाचा असतो, त्याच्यावर घाव घालून त्याची बळकटी पाहावयाची नसते. शिवाय १९८५ सालीं बंडखोरांना सोडण्यांत आलेंच होतें. एकाला सोडावयाचें आणि दुसऱ्याला धरावयाचें, हा कुठला न्याय?”

यांतील शेवटचा मुद्दा मला पटत नाहीं. बंडखोर सुटले ते शिक्षा भोगून सुटले. लष्करी न्यायालयापुढें उभे राहून, वर्षानुवर्षें अंधारकोठडींत राहून, मार खाऊन सुटले. खुनाची शिक्षा झालेल्यांच्या भोगलेल्या एकेका दिवसाचे तीन तीन दिवस धरण्यांत आले, तें त्या कोठड्या कशा होत्या हें जाणूनच. उलट बाजूच्या माणसांनीं न्यायाधीशाचें तोंडहि पाहिलेलें नव्हतें. दोन पारडीं सारखीं दिसावीं म्हणून रिकाम्या पारड्यावर हात ठेवणें, यापलीकडे त्या तुलनेला अर्थ नाहीं. पण पहिला मुद्दा खरोखरच वजनदार आहे. शहाणा माणूस कित्येकदां घरांत चोर आहे हें ठाऊक असूनहि रात्रभर स्वस्थ पडून राहतो, कारण शेजारीं मुलें निजलेलीं असतात. त्याला मी दोष देणार नाहीं. मात्र सकाळीं उठून त्यानें ‘मीं चोराला क्षमा केली’ असें म्हणूं नये. आणि चोरीस गेलेला दागिना मुळीं शेजारणीचा असेल, तर मुळींच म्हणूं नये.

क्षमा हे वीराचें भूषण, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्या वचनाचा अर्थ आपण बहुधा अर्धाच घेतो. भागवताच्या पहिल्या स्कंधांत अश्वत्थाम्याची जी कथा आहे ती वाचकांस आठवत असेलच. द्रौपदीचे पांचहि पुत्र झोंपेंत मारून पळालेल्या अश्वत्थाम्याला अर्जुन बांधून आणतो आणि तिच्यापुढें उभा करतो. भीम म्हणतो, याला मारा. द्रौपदी त्याला नमस्कार करते आणि म्हणते, सोडा. मी रडत आहें तशी याची आई रडूं नये. क्षमेचें याहून उदात्त चित्र आपल्या वाङ्मयांत मला तरी ठाऊक नाहीं. पण त्या चित्रांत काय काय आहे तें नीट पाहावें. मेलेलीं मुलें कोठें आहेत हें तिला माहीत आहे. तीं कोणीं मारलीं हें माहीत आहे. तो मारेकरी मान खालीं घालून समोर उभा आहे. तिनें नुसती मान हलविली असती तर त्याचें शीर धडावेगळें होणार होतें. आणि सोडा असें म्हणणारी बाई त्या मुलांची आई आहे. हस्तिनापुरांतल्या प्रजाजनांची सभा भरवून, हात वर करवून, बहुमतानें अश्वत्थाम्याला सोडलें असतें आणि द्रौपदीला तो निकाल कळविला असता, तर व्यासांना त्यावर श्लोक लिहावासा वाटला असता काय?

तरी एक शंका राहतेच. त्या रात्रीं एकट्या द्रौपदीचेच पुत्र मेले नव्हते. पांचालांचें सारें शिबिर कापलें गेलें होतें. त्या शेंकडों मातांना कोणीं विचारलें? महाभारताच्या सौप्तिकपर्वांत द्रौपदीहि इतकी मृदु नाहीं. मस्तकावरचा मणि काढून आणल्यावांचून ती अन्नत्याग सोडीत नाहीं. तेव्हां ज्याचें गेलें त्यानेंच काय तें ठरवावें, एवढ्यानेंहि प्रश्न सुटत नाहीं. गेलेले पुष्कळ असतात. कोणी क्षमा करील, कोणी करणार नाहीं. एकीच्या क्षमेनें दुसरीचा दावा बुडूं नये म्हणून तर शिक्षेचा अधिकार कोणा एका शोकग्रस्ताच्या हातीं न ठेवतां राज्याच्या हातीं दिलेला असतो. मग तो अधिकार राज्याचा असेल, आणि राज्य लोकांचें असेल, तर लोकांनीं तो सोडून दिला यांत बिघडलें कोठें? आमचे वकील मित्र येथें येऊन विजयी मुद्रेनें थांबले होते.

मला वाटतें, आपल्या भाषेंतच या गांठीचा धागा सांपडतो. ‘क्षमा’ आणि ‘माफी’ हे शब्द आपण सैलपणें एकाच अर्थानें वापरतों. पण सारा माफ होतो, व्याज माफ होतें, तेथें आपण क्षमा म्हणत नाहीं. सरकारला शेतसारा माफ करतां येतो, कारण तो सरकारचें येणें आहे. तसेंच शिक्षा हें राज्याचें येणें आहे असें घटकाभर धरून चालूं, आणि लोकांनीं आपलें येणें सोडलें असें मानूं. पण सारा मेंदेसनें मागितलें होतें तें येणें राज्याचें नव्हे, तिचें होतें. माझें मूल कोठें आहे? ज्यांनीं तें नेलें ते राज्याचे नोकर होते, राज्याच्या पगारावर होते. येथें राज्य सावकार नाहीं, ऋणको आहे. सावकाराला आपलें व्याज सोडतां येतें. पण ऋणकोनें पंच बोलावून आपलेंच कर्ज माफ करून घ्यावें, हा व्यवहार कोणत्या बाजारांत चालेल? त्या कायद्यानें खटला थांबला तो एकटा थांबला नाहीं. न्यायाधीशाला प्रश्न विचारण्याचा जो अधिकार असतो, शपथेवर उत्तर घेण्याचा, जमीन खणून पाहण्याचा, तोहि त्याबरोबर थांबला. शिक्षेच्या माफीच्या पोतडींत सत्याचीहि माफी घालून ती लोकांकडून मंजूर करून घेतली गेली. आणि पिवळी चिठ्ठी टाकणाऱ्या कित्येक भल्या माणसांना आपण हें दुसरें कांहीं देत आहों, याची कल्पनाहि नसेल.

या सत्याची ज्याला गरज नाहीं त्याला ती कदाचित् समजणार नाहीं. आपल्या धर्मशास्त्रानें देशांतरीं गेलेल्या आणि ठावठिकाणा न लागलेल्या माणसासाठीं बारा वर्षें वाट पाहावयास सांगितली आहे. त्यानंतर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नि द्यावयाचा. मरणाची तिथि नाहीं तर श्राद्ध कोणत्या दिवशीं करावें, कुंकू ठेवावें कीं पुसावें, हे प्रश्न ज्या घरांत बारा वर्षें बसून राहतात त्या घराचें दुःख आपल्या पूर्वजांना ठाऊक होतें. उरुग्वेंतल्या त्या घरांना पळसाचीं पानेंहि नव्हतीं.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों, कारण प्रश्न पुढें अधिकच अवघड होत गेला. १९९२ सालीं गात्तीबाईंची नात अर्जेंटिनांत सांपडली. मुलगी आणि जांवई सांपडले नाहींत. सारा मेंदेसचा मुलगा २००२ सालीं सांपडला, तेव्हां तो पंचवीस वर्षांचा झाला होता. अर्जेंटिनाचे कवि ह्वान हेल्मान यांची गर्भवती सून ब्वेनोस आइरेसहून गुप्तपणें माँटेव्हिडिओस आणली गेली होती. तिची मुलगी १९७७ च्या जानेवारींत एका पोलिस अधिकाऱ्याच्या दारांत टोपलींत घालून ठेवलेली होती. आजोबांना ती २००० सालीं भेटली. २००९ च्या ऑक्टोबरांत कायदा रद्द करण्यासाठीं पुन्हां लोकांचा कौल घेण्यांत आला. शेंकडा पन्नासांची अट होती, मतें अठ्ठेचाळिसांच्या जवळ येऊन थांबलीं. म्हणजे लोकांनीं दोनदां नाहीं म्हटलें. आणि १९८९ नंतर जन्मलेल्या तरुणांनींहि त्या दुसऱ्या खेपेस मत दिलें होतें, हें विसरून चालणार नाहीं.

मग हेल्मान यांच्या नातीच्या प्रकरणांत अमेरिका खंडांतील राष्ट्रांच्या मानवी हक्क न्यायालयानें २०११ च्या फेब्रुवारींत निकाल दिला: असा कायदा टिकत नाहीं, आणि लोकांनीं तो मतानें उचलून धरला म्हणूनहि तो टिकत नाहीं. परदेशांतल्या मूठभर न्यायाधीशांनीं एका स्वतंत्र राष्ट्राच्या लोकमताला दोनदां दिलेल्या कौलाविरुद्ध हें सांगावें, याचा ज्यांना विषाद वाटला त्यांत केवळ लष्कराचे पक्षपाती नव्हते. होसे मुहीका त्या वेळीं राष्ट्राध्यक्ष होते. ते स्वतः जुने तुपामारो. गोळ्या खाल्लेले, सुमारें तेरा वर्षें कैदेंत काढलेले, त्यांतलीं कित्येक एकांत कोठडींत. म्हाताऱ्यांना तुरुंगांत डांबण्याची आपणांस हौस नाहीं असें ते म्हणत, आणि लोकांच्या कौलाविरुद्ध जातांना जपून जा असें त्यांनीं आपल्या पक्षाच्या सभासदांस बजावलें. त्यांच्याबरोबर कैद भोगलेले सेनेटर फर्नांदेस विदोब्रो यांनीं पक्षाची शिस्त म्हणून रद्दीच्या बाजूनें मत दिलें आणि लगेच राजीनामा दिला. २० मे च्या पहांटे कनिष्ठ सभागृहांत मतें पडलीं तीं ४९ विरुद्ध ४९. सरकारपक्षाचाच एक सभासद मतास उभा राहिला नाहीं.

मुहीकांविषयीं माझ्या मनांत आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या या वागण्याचा मला पुष्कळ विचार करावा लागला. त्यांनीं आपलीं तेरा वर्षें ज्यांनीं नेलीं त्यांना क्षमा केली, याबद्दल त्यांच्यापुढें कोणीहि मान लववावी. तीं वर्षें त्यांचीं होतीं. पण वीस दिवसांच्या मुलाच्या आईचीं पंचवीस वर्षें त्यांचीं नव्हतीं. स्वतःचें सर्वस्व देऊन टाकणाऱ्या उदार माणसाला कधीं कधीं अशी संवय लागते कीं, शेजाऱ्याचेंहि थोडें देऊन टाकावें आणि त्यालाहि औदार्यच म्हणावें.

अखेर १९८६ च्या कायद्याची शक्ति काढून घेणारा नवा कायदा झाला तो २०११ च्या ऑक्टोबरच्या २७ तारखेस. पुढें २०१३ मध्यें त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें त्याच्याहि कांहीं कलमांना घटनाबाह्य ठरविलें. तो वाद मी वकिलांसाठीं सोडून देतों. मला त्याच आठवड्यांतली दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

हूलियो कास्त्रो हे शाळामास्तर. पुढें वृत्तपत्रांतहि लिहीत. १९७७ च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेस त्यांना माँटेव्हिडिओच्या रस्त्यावरून पकडून नेलें तेव्हां त्यांचें वय ६८ वर्षांचें होतें. २००० सालीं अध्यक्ष बात्ये यांनीं एक शांतिसमिति नेमली होती. तिनें लष्करी लोकांकडून, नांव न सांगण्याच्या अटीवर, जी माहिती मिळविली तीवरून २००३ सालीं कळविलें कीं, मास्तर छळामुळें मेले, आणि त्यांचें प्रेत पुढें उकरून, जाळून नदींत टाकण्यांत आलें. घरच्यांनीं तें ऐकून घेतलें. दुसरें काय करणार? क्षमा करावयाची असती तर एवढ्या माहितीवर करावयाची होती. २०११ च्या ऑक्टोबरच्या २१ तारखेस, नव्या कायद्याच्या सहा दिवस आधीं, टोलेडो येथील पलटणीच्या आवारांत खणतांना मास्तरांचा सांगाडा मिळाला. तो जाळलेला नव्हता, नदींत टाकलेला नव्हता. कवटींत गोळी होती.

वकील मित्रांना ही गोष्ट मीं सांगितली. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “साक्ष उलटतपासावांचून घेतली म्हणजे असेंच होतें.”

मिचेलिनी आणि गुतिएरेस रुईस यांच्या खुनाची आठवण म्हणून १९९६ पासून दरवर्षीं मे महिन्याच्या २० तारखेस माँटेव्हिडिओच्या हमरस्त्यावरून संध्याकाळीं एक मिरवणूक निघते. घोषणा नाहींत, वाद्यें नाहींत. हातांत माणसांचीं छायाचित्रें घेऊन हजारों लोक मुकाट्यानें चालत जातात. शेवटीं एक एक नांव वाचलें जातें, आणि प्रत्येक नांवाला सारा जमाव उत्तर देतो. त्यांचा शब्द आहे ‘प्रेसेंते’. आपल्या शाळांतून मास्तर हजेरी घेतात तेव्हां मुलें म्हणतात, तोच: हजर.